आधी खरवडा, मग डांबर टाका

आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या. आता एकही नाही. पायऱ्या कुणी फोडल्या नाहीत, चोरल्या नाहीत. रस्ता चढत आला आणि त्यांना गिळून बसला.

गाव लोहारा तालुक्यातलं, जिल्हा धाराशिव. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तुमच्या गावाचं नाव घाला, लेख तसाच लागू पडेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आमचं माळवदाचं जुनं घर गेलं. नंतर आजोबांनी नवं बांधलं, तेव्हा जोतं रस्त्यापासून दीड फूट वर घेतलं. गवंडी म्हणत होता, एक फूट पुरे. आजोबा म्हणाले, पाणी काय सांगून येतं व्हय. मी या नव्या घरात जन्मलो. लहानपणी तिसऱ्या पायरीवर बसून दप्तर मांडीवर घ्यायचं आणि शाळेच्या पोरांची वाट बघायची, हा माझा रोजचा कार्यक्रम होता.

वडिलांच्या हिशेबाने माझ्या आयुष्यात दारासमोरचा रस्ता सहा वेळा ‘नवीन’ झाला. दर वेळी साधारण ५० मिलिमीटरचा बीएम, म्हणजे जाड खडीचा डांबरी थर, आणि त्यावर २० मिलिमीटरचं कार्पेट. एका वेळेला ७ सेंटिमीटर. सहा वेळा म्हणजे ४२. आजोबांचं दीड फूट म्हणजे ४५. हिशेब जवळपास चुकता झाला.

आता मृग लागायच्या आधी आजी दारात विटांचा बांध घालते. शेतातला बांध नव्हे, घराच्या दारातला. गेल्या पावसाळ्यात तो बांधही कमी पडला आणि रस्त्यावरचं पाणी गटाराचा वास घेऊन ज्वारीच्या पोत्यांपर्यंत गेलं. मी फोनवर चिडचिड केली तेव्हा आजी म्हणाली, “रोड वर यायलाय का आपलं घर खाली जायलंय, तेवढं बघून सांग की रं. इंजिनेर हाईस नव्हं?”

मी सॉफ्टवेअरवाला इंजिनिअर आहे. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून बघितलं. हा लेख आजीला दिलेलं उत्तर आहे.

पोपडे न काढता रंग

दिवाळीला भिंत रंगवायची तर आपण काय करतो? आधी पत्र्याने पोपडे खरवडतो, भेगा भरतो, धूळ झाडतो, मग रंग. पोपड्यावरच रंग मारणाऱ्या रंगाऱ्याला आपण दुसऱ्या दिवशी घरात घेणार नाही. पण आपल्याच पैशाने होणाऱ्या रस्त्यावर दर चार-पाच वर्षांनी हेच होतं. फाटलेल्या, भेगाळलेल्या, जागोजागी उचललेल्या डांबरावर नवं डांबर. आणि आपण म्हणतो, वा, रस्ता झाला!

खरवडण्याचं काम रस्त्याच्या बाबतीत यंत्र करतं. त्याला मिलिंग म्हणतात. मशीनच्या पोटात एक आडवा ड्रम असतो, त्यावर कठीण कार्बाइडच्या टोकांचे दात बसवलेले असतात. ड्रम फिरतो आणि ठरवलेल्या खोलीपर्यंत जुनं डांबर सोलून काढतो. ४० मिलिमीटर म्हटलं तर ४० मिलिमीटर. दात तापू नयेत आणि धूळ उडू नये म्हणून पाण्याचा फवारा चालू असतो. निघालेला चुरा पट्ट्यावरून थेट पुढच्या डंपरमध्ये पडतो. मागे राहतो बारीक खाचा पडलेला, खरखरीत, पण सपाट पृष्ठभाग.

मग तो झाडून, हवा मारून साफ करायचा. टॅक कोट मारायचा, म्हणजे चिकटवणारं पातळ डांबरी मिश्रण. हे मारताना तपकिरी दिसतं आणि त्यातलं पाणी सुटलं की काळं पडतं. काळं पडायच्या आधीच गरम माल ओतला तर चिकटणं राहतं बाजूला, मधे पाणी अडकतं. त्यानंतर १४० अंशांच्या आसपास गरम असलेला माल पसरायचा आणि तो गार व्हायच्या आत रोलर फिरवायचा.

जेवढं काढलं तेवढंच टाकलं की रस्ता नवा होतो आणि उंची तीच राहते. एवढी साधी गोष्ट आहे.

खरवडल्याने उंची राखली जाते हा एक फायदा झाला. दुसरा फायदा रस्त्याचा स्वतःचा. जुन्या थरातल्या भेगा झाकल्या तरी मरत नाहीत. वरून ट्रक जातो तेव्हा खालची भेग उघड-मीट करते आणि काही काळाने नव्या थरातून तंतोतंत त्याच जागी वर येते. भेगेतून पाणी आत जातं. आमच्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. त्यानंतर खड्डा पडायला वेगळं कारण लागत नाही. जुन्या रस्त्याचे चढउतारही तसेच राहतात. सपाट दिसण्यासाठी नवा माल खळग्यात जाड पडतो, उंचवट्यावर पातळ. जाड पडतो तिथे नीट दबत नाही, पातळ पडतो तिथे लवकर निघतो. मग लोक ‘मटेरियल निकृष्ट’ म्हणून व्हिडिओ टाकतात. माल कधी कधी ठीक असतो. ज्याच्यावर टाकला ते सडलेलं असतं.

खड्डा दिसतो, उंची दिसत नाही

आपल्याकडे रस्त्याविषयी एकच तक्रार मान्य आहे: खड्डा. पुण्यातला जंगली महाराज रस्ता १९७६ साली झाला आणि कित्येक दशकं खड्ड्यांविना टिकला, हा फॉरवर्ड दर पावसाळ्यात येतो आणि आपण मनापासून पुढे पाठवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणी मेलं तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. फार चांगलं झालं. पण रस्ता चांगला गुळगुळीत असेल, एकही खड्डा नसेल, आणि तो फक्त उंच असेल तर?

माझा मावसभाऊ अशाच रस्त्यावर पडला. उसाचे दिवस होते. समोरून ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत येत होता, म्हणून याने बाइक कडेला घेतली. पुढचं चाक डांबरावरून साईडपट्टीवर उतरलं. मधे चांगली वीतभर पायरी होती, कारण डांबराचे थर चढत गेले आणि साईडपट्टीवर मुरूम कुणी टाकलाच नाही. त्याने हँडल वळवून परत वर यायचा प्रयत्न केला. चाक त्या कडेला घासत राहिलं, चढेना, आणि चढलं तेव्हा झटक्यात आडवं झालं. गळ्याजवळचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या जीपने वेळेत ब्रेक दाबला म्हणून भाऊ आहे. पंचनाम्यात काय लिहिलं असेल? ‘चालकाचा ताबा सुटला.’

रस्त्याची उंची कुणाच्याच नावावर लागत नाही. ती कुठल्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये बसत नाही. आणि ती फक्त घर आणि बाइक बुडवत नाही. ४० मिलिमीटरचा एक थर पुलावर पडला की दर चौरस मीटरला ९० किलोहून जास्त कायमचं ओझं वाढतं. दोन-तीन थर पडले की कठडा आधी कमरेपर्यंत होता तो मांडीपर्यंत येतो. गटाराचं तोंड रस्त्याच्या खाली जातं, त्यावरचं झाकण विहिरीसारखं खोल दिसायला लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे पुराने काय केलं ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. ती नद्यांची गोष्ट होती. माझी गोष्ट त्याहून लहान आहे: पंधरा मिनिटांच्या साध्या सरीत घरात येणाऱ्या पाण्याची. लहान आहे म्हणून तिचा पंचनामा होत नाही आणि तिला मदत मिळत नाही. ती दर वर्षी होते.

आता गावात नवी शर्यत सुरू आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो नवं घर बांधताना जोतं तीन फूट घेतो. जॅक लावून अख्खं घर उचलणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या दारात शेजाऱ्याच्या उंच जोत्यावरचं आणि सरकारच्या उंच रस्त्यावरचं, दोन्हींचं पाणी येतं. रस्ता खरवडायचा खर्च वाचला असं ज्याला खातं म्हणतं, तो खर्च वाचलेला नसतो. तो आजीच्या विटांवर, भिजलेल्या ज्वारीवर आणि मावसभावाच्या हाडावर टाकलेला असतो. एस्टिमेटमध्ये त्याला रकाना नाही एवढंच.

तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला आपण पायऱ्या उतरून खाली जातो. ती देवळाची रचना आहे आणि तिथे उतरताना हात आपोआप जोडले जातात. स्वतःच्या घरात उतरून जायला लागणं ही कुठली रचना?

‘एस्टिमेटला नाही’

या वर्षी मार्च एंडला मी गावी होतो. सकाळी रोलरचा आवाज आला. बाहेर आलो तर जुन्या रस्त्यावर खराटा फिरवून डांबर शिंपडणं चालू होतं. साइटवरच्या माणसाला विचारलं, “दादा, जुनं काढणार नाही का?” तो हसला. “सर, एस्टिमेटला नाही.”

त्याचं खरं होतं. कागदावर नाही ते तो कशाला करेल? मग मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथे मला तीन कारणं मिळाली. तिन्ही नीट तपासू.

पहिलं: मशीन परवडत नाही. एकच गाव धरलं तर खरं आहे, अर्ध्या किलोमीटरसाठी मिलिंग मशीन ट्रेलरवर घालून आणणं महाग पडतं. पण कामं एकेका गावाची सुटी काढायची हे कुणी ठरवलं? उमरगा, लोहारा, तुळजापूर अशा शेजारच्या तालुक्यांतले वस्तीतले तुकडे एका टेंडरमध्ये घातले तर मशीन एकदा येईल आणि काम संपवून जाईल. शिवाय निघालेला माल कचरा नसतो. हिशेब करा: एक किलोमीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, ४० मिलिमीटर खोल खरवडलं तर २२० घनमीटर निघतात, म्हणजे ५०० टनांच्या वर. त्यात ५ टक्के डांबर धरलं तर २५ टनांच्या आसपास डांबर आणि उरलेली सगळी खडी. डांबर आपण परदेशातूनही विकत आणतो आणि खडीसाठी बालाघाटचे डोंगर फोडतो. हा माल काही प्रमाणात नव्या मालात मिसळता येतो. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ साली त्यासाठी आयआरसी:१२० ही वेगळी मार्गदर्शिकाच काढली आहे. आणि तेवढा प्लांट जवळ नसेल तर सगळ्यात सोपं काम करा: तो चुरा साईडपट्टीवर टाकून रोलर फिरवा. मुरमापेक्षा घट्ट बसतो. माझा मावसभाऊ ज्या पायरीवरून पडला ती पायरी भरायचं सामान रस्त्याच्या पोटातूनच निघतं.

दुसरं: आपले रस्ते पातळ आहेत, खरवडलं तर खाली काही उरणार नाही. हे मात्र अर्धं खरं आहे आणि मिलिंग, मिलिंग म्हणून ओरडणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते ऐकलं पाहिजे. शिवारातल्या कित्येक रस्त्यांवर खडीच्या थरावर जेमतेम २० मिलिमीटर कार्पेट असतं. तिथे मिलिंग म्हणजे सगळं डांबर काढून टाकणं. खालचा पाया किंवा काळी मातीच बसली असेल तर वरून कितीही खरवडा, उपयोग नाही. तिथे पाया उकरून दुरुस्त करावा लागतो. उत्तर प्रदेशात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत जुना रस्ता पायासकट दळून, त्यात सिमेंट मिसळून, तिथल्या तिथे नवा पाया करायची पद्धत वापरली आहे. पण वस्तीतून जाणाऱ्या तुकड्याला हे कारण लागू होत नाही. आमच्या दारात ४२ सेंटिमीटर डांबर-खडी आहे. ४२ सेंटिमीटरला पातळ म्हणायला हिंमत लागते.

तिसरं: वाहतूक वाढली, रस्त्याला जाडी हवीच. हायवेवर, मोकळ्या रानात, मान्य. उंची वाढली तर तिथे कुणाचं घर बुडत नाही, फक्त साईडपट्टी सोबत भरली पाहिजे. पण किती जाडी हवी हे अंदाजाने ठरत नसतं. रस्त्यावर ठरलेलं वजन आदळून तो किती दबतो ते मोजणारं यंत्र असतं, फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर. त्यावरून थराची जाडी काढायची पद्धत आयआरसी:११५ मध्ये २०१४ पासून लिहिलेली आहे. मोजून जाडी हवी असं निघालं, तर वस्तीत आधी तेवढं खाली जा आणि मग मजबूत थर घाला. डॉक्टरने औषध वाढवलं म्हणून कुणी जुन्या बँडेजवर नवं बँडेज बांधत नाही.

चौथं कारण मला कुणी सांगितलं नाही, पण तेच खरं असावं. नवं डांबर काळंभोर दिसतं. त्यावर नारळ फुटतो, फोटो निघतो, बॅनर लागतो. खरवडलेला रस्ता तोडफोडीसारखा दिसतो. त्याचं उद्घाटन कोण करेल? एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, टाकलेल्या थराची लांबी, रुंदी, जाडी लिहितात आणि त्यावर बिल निघतं. टाकण्याचे पैसे आहेत, टाकण्याची वाहवा आहे. तर कंत्राटदार टाकणारच. सॉफ्टवेअरमध्येही जुना घाणेरडा कोड साफ करायला कुणाला वेळ मिळत नाही, वरून नवं फीचर चिकटवलं की सगळे खूश. फरक इतकाच की आमचा बग पुढच्या सोमवारी आमच्याच गळ्यात पडतो. रस्त्याचा बग आजीच्या स्वयंपाकघरात जातो.

मागणी एका ओळीची आहे

गावठाणातून किंवा शहरातल्या वस्तीतून जाणाऱ्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर, जेवढा थर टाकायचा तेवढा आधी काढल्याशिवाय नवा थर टाकू नये. आणि कामाच्या आधी व नंतर रस्त्याची पातळी मोजून ती एमबीत लिहावी.

हे स्वप्नरंजन नाही. तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी मे २०२१ मध्ये नेमकं हेच सांगितलं: आधी मिलिंग, मग थर, रस्त्याची पातळी वाढता कामा नये, कारण घरांत पाणी शिरतं. तिथेही सगळं सुरळीत झालं असं कुणी म्हणणार नाही. पण तिथल्या माणसाच्या हातात दाखवायला एक कागद आहे. माझ्या हातात ‘एस्टिमेटला नाही’ एवढंच वाक्य आहे.

सिमेंटच्या रस्त्यांनाही हाच नियम हवा. हल्ली गल्लीबोळात जुन्या डांबरावरच सिमेंट ओततात. डांबर निदान खरवडता येतं. सिमेंटचा रस्ता एकदा दारात चढून बसला की पुढची पिढी त्याच्या खालीच राहणार.

आणि खरवडलं की लगेच थर टाका. खाचा पडलेल्या रस्त्यावर बाइक डुगडुगते. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरपर्यंत, सुमारे ४५ किलोमीटर, हजारो माणसं चालत येतात, त्यातली कितीतरी अनवाणी. अशा रस्त्यावर आठ दिवस नुसते दात ओढून ठेवले तर उद्या मिलिंगलाच शिव्या पडतील. अर्धवट केलेलं चांगलं काम हे ते काम बंद पाडायचं सगळ्यात सोपं निमित्त असतं.

आता तुमचं काम. रस्ता होण्याआधी दारातल्या पायरीपाशी मोजपट्टी उभी धरून फोटो काढा. पायरी हलत नाही, रस्ता हलतो. काम झाल्यावर त्याच जागी तसाच फोटो काढा. तारीख फोनमध्ये आपोआप पडते. मग माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून एस्टिमेट आणि एमबीची प्रत मागा. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम २ मध्ये फक्त कागद नाहीत. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार त्यात लिहिलेला आहे. ग्रामसभेत ‘रस्ता करा’ असं म्हणू नका. ‘खरवडून करा’ म्हणा. त्या एका शब्दाचा फरक ७ सेंटिमीटरचा आहे.

मी मार्चमध्ये फोटो काढायला उशीर केला. रोलर आला होता तेव्हा धावत जाऊन काढला, त्यात अर्धी पायरी दिसते. नंतरच्या फोटोत पायरी नाहीच. दोन्ही फोटो अर्जाला जोडून दिले आहेत. उत्तर आलेलं नाही.

आजीला सांगितलं, आपलं घर जागेवरच आहे, रोडच वर आलाय. ती म्हणाली, “मला ठावं होतं की. तुला ठावं व्हावं म्हणून विचारलं.” आणि विटा मोजायला लागली. यंदा बांध एक वीट उंच घ्यायचा आहे.